कानातला खडा

माशाच्या कानात खडा असतो.
कॉडचा म्हणाल तर वालाच्या दाण्याएवढा.
तो कापायचा, घासायचा, भिंगाखाली धरायचा
आणि कडी मोजायची, झाडाच्या बुंध्यात मोजतात तशी.
पोटभर खाल्लेलं वर्ष रुंद.
उपासाचं वर्ष केसासारखं.

हे मला तोरुननं शिकवलं.
मी ट्रॉम्सोतल्या या इमारतीचे फ्रीझर सांभाळते,
एकवीस वर्षं झाली.
ती सव्वीस वर्षांची,
उणे ऐंशीत हात घालताना हातमोजे विसरणारी.

पहिल्या वर्षी तिचं अक्षर पाकिटावर मावत नसे.
सातच्या पोटातली आडवी रेघ
शेजारच्या आकड्याला जाऊन टोचायची.
दुसऱ्या वर्षी मावू लागलं.
मग निबंध परत आला, दुरुस्त होऊन गेला, पुन्हा परत आला,
आणि तिचं अक्षर खसखशीएवढं झालं.

मी ते वाचत होते. भिंगही लागलं नाही.
वाचून पाकिटं खोक्यात लावत होते.
नंतर सगळे म्हणाले, कळलंच नाही हो.
मला कळलं होतं.
मी म्हटलं, डॉक्टरेट आहे, चालायचंच.

प्राध्यापक हाउकस्टाड वाईट माणूस नव्हे.
तो म्हणाला, आपण सगळेच यातून गेलोय.
गेला असेल.
आमच्या शहराच्या पोटात बोगदे आहेत,
आणि बोगद्यांच्या आत चौक.
मुरलेला माणूस झटक्यात बाहेर पडतो,
नवखा तिथंच गोल गोल गाडी फिरवत राहतो
आणि मागचे हॉर्न वाजवतात.

डिसेंबर. सूर्य जाऊन तीन आठवडे.
रात्री माझा फोन ओरडला: चार नंबरचं दार उघडं.
गेले तर ती उघड्या फ्रीझरसमोर
उपड्या क्रेटवर बसलेली, कोट घालून,
धुकं तिच्या गुडघ्यांवर सांडत होतं.
वळून न बघता म्हणाली, गुन्वोर, किती वाजले?
दोन.
कुठले दोन?
आणि खरं सांगते, मलाही क्षणभर आठवावं लागलं.

मी आधी दार लावलं.
सवय. आधी नमुने.
मग तिच्याकडे वळले.
या क्रमाची मला अजून लाज वाटते.

कुणालाच कधी विचारलं नव्हतं ते विचारलं:
जीव नकोसा झालाय का?
ती बराच वेळ गप्प.
नकोसा नाही, म्हणाली. जड झालाय.
कुठं खाली ठेवू, कळत नाही.

गाडीत हीटर लावला. काचा पुसल्या.
रात्रीच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, झोप किती?
ती बोटांवर मोजायला लागली
आणि मोजता मोजता थांबली,
मोजणं हाच जिचा धंदा.

आता ती आल्ताला असते, मावशीकडे.
पत्र येतं कधी. त्यात कुत्रा असतो, बर्फ असतो,
मावशीची वाफल बिघडलेली असते.
मासे नसतात.
परत येईल का, हाउकस्टाड विचारतो.
मी विचारत नाही.

मी मात्र कानाला खडा लावला.
अक्षर बारीक झालं की दार ठोठावते.
नवा मुलगा आहे, एस्किल. तो हसतो,
अगं, पेनातली शाई संपत आली होती!
असेल. तरी मी कॉफी घेऊन बसते,
त्याच्या नमुन्यांबद्दल अवाक्षर काढत नाही.

मागच्या आठवड्यात चार नंबरचा बर्फ काढला.
सगळ्यात खाली, कोपऱ्यात, तिची एक नळी सापडली.
चिठ्ठीवर त्या रात्रीची तारीख.
आत काही नाही. दिव्यासमोर धरून पाहिली,
दोनदा.

नियमानं रिकामं ते फेकायचं.
मी नोंदवहीत तिला क्रमांक दिला
आणि पुढे लिहिलं, मोठ्या अक्षरात,
शेजारच्या रकान्यात शिरेल इतक्या मोठ्या:
नमुना नाही. टाकू नये.